कोकणात भेकराचे (जंगलातल्या एका लहान हरणाचे) मांस खाणे कायदेशीर आहे का?
नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भेकर, सांबर किंवा पिसोरी (अगदी चिमुकले हरीण) यांची शिकार करणे तर गुन्हा आहेच, पण शिकारीचे मांस विकत घेणे किंवा शेजाऱ्याने पाठवलेला वाटा घरात ठेवणे हाही गुन्हाच ठरतो. गाडीखाली सापडून मेलेले भेकरही सरकारी मालमत्ता असते. ते ताब्यात आल्यास ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवावे लागते.

कुळथाचे कोवळे शेंडे एका रात्रीत फस्त झाल्यावर शेतकऱ्याला येणारा संताप मला पूर्णपणे समजतो, तरीही फासकी (तारेचा फास) लावू नये, कारण त्यात भेकराऐवजी बिबट्याही अडकतो आणि तडफडून मरतो. नुकसान होताच वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.