पेती फूर करताय? चमक फोंडंटच्या तापमानात आहे

पेती फूर म्हणजे फोंडंटचं, म्हणजे ओतायच्या साखरेच्या आयसिंगचं, आवरण चढवलेले एका-दोन घासांचे छोटे केक. पहिल्याच खेपेला चार-पाच थरांच्या भानगडीत पडू नका. बदामाचा स्पंज साधारण 2 सेंमी जाडीचा भाजा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ताजा स्पंज सुरीखाली चुरतो आणि तोच चुरा आयसिंगमध्ये उतरतो. दुसऱ्या दिवशी आडवा कापून मध्ये जर्दाळूचा जॅम लावा. वरूनही गरम, गाळलेला जॅम ब्रशने पातळ फिरवा आणि 2-3 मिमी जाड लाटलेलं मार्झिपान (बदाम-साखरेचा मळलेला गोळा) चिकटवा. ते वगळायचा मोह होतो, पण स्पंजची छिद्रं तेच झाकतं.

तासभर गार करून 3 सेंमीचे चौकोन पाडा, प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसा. फ्रीजरमधून थेट आयसिंगखाली नेऊ नका. मुंबईच्या दमट हवेत तुकड्यांना घाम सुटतो आणि फोंडंट ओघळून जातो.

ओतायचा फोंडंट गरम पाण्यावरच्या भांड्यात 37 ते 40 अंशांपर्यंतच तापवा. थर्मामीटर हवाच, ‘कोमट’वर भागत नाही. जास्त तापला की साखरेचे सूक्ष्म स्फटिक विरघळतात, गार होताना मोठे होऊन बसतात आणि पृष्ठभाग निस्तेज, खरखरीत होतो. घट्ट वाटला तर आणखी तापवू नका. समान साखर-पाण्याचा उकळून गार केलेला पाक चमचा-चमचा घाला. चमचा बुडवून काढल्यावर आतला धातू दिसला नाही की झालं. तुकडे जाळीवर ठेवून मध्यापासून कडांकडे एका दमात ओता. राहिलेल्या जागी नंतर सुरी फिरवलीत तर सुरकुती पडलीच म्हणून समजा. खाली सांडलेला फोंडंट मात्र गाळून परत वापरता येतो.