सांगली-मिरज राहायला सुरक्षित आहे का? कोणता भाग टाळावा?

तुम्ही लिहिलंय, जूनमध्ये सांगलीला बदली होतेय, सोबत पत्नी, आई आणि अकरावीत जाणारी मुलगी आहे. बातम्यांत रोज कोयता, खून, एमडी ड्रग्ज वाचून घरच्यांनी धसका घेतलाय. म्हणून कोणता भाग टाळायचा ते सांगा.

माझा जन्म गावभागातला, गणपती मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 26 वर्षं दिवाणजी म्हणून काम करतोय. 2019 च्या पुरानंतर विश्रामबागला राहायला आलो. या शहराबद्दल मला माया आहे, पण तुमच्या घरात लेक आहे, म्हणून जसं आहे तसं सांगतो.

बातम्या खोट्या नाहीत. जून 2023 मध्ये सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मोठ्या सराफी दालनावर भरदिवसा दरोडा पडला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी एमडीचं मोठं प्रकरण उघडकीला आणलं, त्यातला साठा कुपवाडमध्ये सापडला. टोळ्या आहेत, मोक्का लागतो, तडीपारी होते. पण खुनाची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘उसन्या पैशांवरून’, ‘जमिनीच्या वादातून’, ‘दारू पिताना झालेल्या भांडणातून’. मारणारा आणि मरणारा बहुतेक वेळा एकमेकांना ओळखत असतात. रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाला कुणी उगाच कोयता मारला, असं इथं सहसा होत नाही. म्हणून मी तुम्हाला टाळायच्या भागाचं नाव सांगणार नाही. एकदा एखाद्या वस्तीला नाव पडलं की तिथल्या पोरांना भाड्याने खोली मिळत नाही, आणि तुम्हीही त्या नावाच्या भरवशावर बाकी ठिकाणी गाफील राहता.

मिरजेचंही तसंच. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, सांगली-कोल्हापूरपर्यंत झळ आली. तेव्हापासून बाहेरची माणसं मिरज म्हटलं की दचकतात. मी आठवड्यातून दोनदा मिरजेला जातो. रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या पायरीवर डबा घेऊन बसलेल्या, कर्नाटकातून आलेल्या बायाबापड्या मी पाहिल्या आहेत. गावाची भीती वाटत असती तर त्या तिथं अशा बसल्या नसत्या.

नोकरदार, पापभीरू कुटुंबाला इथं जे बाधतं ते बहुतेकदा ओळखीतून घरात शिरतं, आणि त्यातलं सगळ्यांत वाईट म्हणजे खासगी सावकारी. आमच्या गल्लीत एक गॅरेजवाला आहे, हाताने एकदम कसबी. बहिणीच्या लग्नाला त्याने एक लाख उचलले, महिना दहा टक्क्याने. देणारा त्याच्याच बरोबरचा, शाळेतला. कागद काय, तर सह्या केलेले दोन कोरे चेक आणि एक कोरा स्टॅम्पपेपर. चौदा महिन्यांत व्याजाचे एक लाख चाळीस हजार गेले आणि मुद्दल तसंच उभं. हा हिशेब त्याने मला गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवला. तारखेखाली ग्रीसच्या बोटांनी लिहिलेले आकडे, त्यावर टिक. हप्ता चुकला की दोन पोरं यायची. शिवी नाही, हात नाही. समोर गाडी लावून चहा घेत बसायची, गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडं बघत राहायची. महिन्याभरात गिऱ्हाईक तुटलं. आता सांगा, हा गुन्हा कुठल्या आकड्यात दिसणार?

मी त्याला घेऊन सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात गेलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण सुशिक्षित माणसांनाही माहीत नसतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मधला आहे. परवान्याशिवाय व्याजाचा धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालासुद्धा शेतीव्यतिरिक्त विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आमच्या माणसाकडून वर्षाला 120 टक्के चालले होते. व्याजापोटी जमीन किंवा घर लिहून घेतलेलं असेल, तर अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांतला व्यवहार असेल तोवर चौकशी करून ते परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्ज गेला, चौकशीची नोटीस निघाली, आणि पुढच्या आठवड्यात पोरं यायची बंद झाली. चेक मिळायला मात्र आठ महिने लागले.

म्हैसाळचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. जून 2022, एकाच कुटुंबातल्या नऊजणांचा मृत्यू. चिठ्ठ्यांत सावकारांची नावं होती, म्हणून आधी सावकारीच्या जाचातून सामूहिक आत्महत्या असंच सगळ्यांनी धरलं, सावकारांची धरपकडही झाली. पुढं पोलिसांचा तपास वेगळीकडं गेला. गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या मांत्रिकाने विष दिलं, असा आरोप ठेवून त्याला अटक झाली. मिरजेपासून हे गाव जवळ आहे. ती बातमी आली त्या दिवशी यार्डात लिलाव चालू होता, पण कुणाचं लक्ष लागेना. शिकलेलं, नोकरदार घर होतं. घरात शिरणारा माणूस विश्वासाचा होता.

आता रस्त्यावरचं सांगतो, कारण ते आमच्यावर स्वतःवर आलं. डिसेंबर 2024, सकाळचे सव्वासहा, अंधारच होता. सौ. शंभर फुटी रस्त्याला फिरायला गेली होती. दुचाकीवर दोघं आले, मागच्याने एका दवाखान्याचा पत्ता विचारला. तिने हात करून दाखवायला मान वळवली आणि मंगळसूत्र गेलं. मी पोहोचलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसून मोबाइलच्या उजेडात काळे मणी वेचत होती. मानेवर लाल वळ. ‘मणी तरी राहू देत’ एवढंच म्हणाली.

ठाण्यात गेलो. कोणतं ते लिहीत नाही. तिथल्या अंमलदाराने सांगितलं, गहाळ झालं म्हणून अर्ज द्या, लगेच दाखला मिळेल, गुन्हा नोंदवला तर कोर्टाच्या फेऱ्या होतील. बोलणं गोड होतं. मी म्हटलं, साहेब, हिच्या मानेला वळ आहे, गहाळ कसं लिहू? दीड तास बसलो. शेवटी वरिष्ठ आले आणि गुन्हा दाखल झाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याचं कलमच वेगळं आहे, 304. पाच महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात टोळी सापडली. त्यांच्या जबाबात आमची तारीख आणि रस्ता निघाला, इथल्या गुन्ह्याशी जुळला. अठरा ग्रॅममधलं अकरा ग्रॅम सोनं, वितळवून केलेली लगड, सराफाची पावती दाखवून, कोर्टाच्या आदेशाने परत मिळाली. गहाळचा दाखला घेऊन घरी आलो असतो तर ती लगड आमची आहे हे कुणाला कळलं असतं?

म्हणून नुसता गुन्ह्यांचा आकडा बघून शहर ठरवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तक्ते नोंदलेले गुन्हे मोजतात, आणि एका तक्रारीत चार कलमं असली तरी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा एकदाच धरतात. त्या सकाळी मी अंमलदाराचं ऐकलं असतं तर सांगलीचा आकडा एकाने कमी झाला असता आणि ते दोघं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला आले असते. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. प्रत मोफत मिळते. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांकडं लेखी पाठवता येतं. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघड झालं, पोलिसांनाच अटक झाली. तेव्हापासून साध्या माणसाचा ठाण्याची पायरी चढताना पाय अडखळतो. मला राग आहे त्याचा, अजूनही. तरी सांगतो, एकटे जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या, पण जा.

मुलीचं म्हणाल तर विश्रामबाग परिसर कॉलेजांचा. विलिंग्डन, वालचंद तिथंच, दिवसभर पोरापोरींची वर्दळ. निर्भया पथक फिरतं. टवाळखोरी होते, नाही असं नाही. 112 नंबर तिला पाठ करायला लावा, आणि कुणी मागं लागलं तर घरी सांगायची तिला मोकळीक असू द्या. आमच्या पुतणीने तीन आठवडे सांगितलं नव्हतं. का, तर ‘कॉलेज बंद कराल.’

मला तिच्यासाठी खरी भीती वाटते ती उसाच्या ट्रॉल्यांची. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर मार्चपर्यंत डबल ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. ऊस बाजूला दोन-दोन हात बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलाने माखलेला. पंक्चर झालं की ट्रॉली तशीच अंधारात उभी आणि ट्रॅक्टर गावात. दुचाकीवरची पोरं मागून जाऊन आदळतात. माझ्या ओळखीची दोन घरं अशी बसलीत. क्लास सुटायची वेळ अंधाराची असेल तर त्या चार महिन्यांत तुम्ही आणायला जा, किंवा रोजचा ठरलेला रिक्षावाला बघा.

घर बघताना घरमालकाला एक प्रश्न नक्की विचारा: आयर्विनला किती फूट झाल्यावर इथं पाणी येतं? आमच्याकडं प्रत्येक गल्लीला आपला आकडा पाठ असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 धोक्याची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गावभागातल्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात. बायकापोरांना बाहेर काढलं आणि गल्लीतली सहा-सात पोरं गच्चीवर थांबली, बंद घरांना राखण म्हणून. वीज नव्हती. रात्री दर तासाला एका गच्चीवरून बॅटरी दाखवायची, समोरच्याने उलट बॅटरी दाखवायची. नावेतून कुणी आलं की ओरडून नाव विचारायचं. गल्लीतल्या एकाही घराचं कुलूप तुटलं नाही. त्या पोरांपैकी दोघांवर ठाण्यात मारामारीच्या नोंदी होत्या. ‘गुन्हेगार वस्ती’ असं कुणी म्हटलं की मला ती बॅटरी आठवते.

राहायला आलात की पहिल्या आठवड्यात समोरच्या घरात आईंना घेऊन चहाला जा. कुणी कमी कागदात पैसे देतो म्हणाला तर, कितीही जवळचा असू दे, आधी मला विचारा. आयर्विनचा आकडा कळला की इथं खाली लिहा, ती गल्ली 2019 च्या आणि 2021 च्या पुरात कशी होती ते मी सांगेन.