घरभेटींमुळे हॉस्पिटलमधली अचानक भरती कमी झाली, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय: ठाण्यातल्या तुमच्या संस्थेने वारंवार ॲडमिट होणारे ज्येष्ठ निवडले, त्यांच्या घरी नर्स पाठवली आणि सहा महिन्यांत भरत्या निम्म्यावर आल्या. मग अहवालात ‘उपक्रम यशस्वी’ लिहावं का?

एवढ्यावरून लिहू नका. मी ठाण्यात अशाच कामांचं मूल्यमापन करते, म्हणून कळकळीने सांगतेय. तुम्ही निवडलेत तेच, ज्यांचे आधीचे सहा महिने सर्वांत वाईट गेले होते. दमा, हार्ट फेल्युअर ही दुखणी उसळतात आणि ओसरतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या भरत्या नर्स गेली नसती तरी कमी झाल्या असत्या.

अमेरिकेत कॅम्डेन शहरात नेमकं हेच दिसलं. वारंवार भरती होणाऱ्यांसाठीच्या तिथल्या अतिशय नावाजलेल्या उपक्रमात ८०० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. २०२० साली निकाल आला: १८० दिवसांत पुन्हा भरती झालेले, सेवा मिळालेल्यांत ६२.३ टक्के आणि न मिळालेल्यांत ६१.७ टक्के. नुसतं आधी-नंतर पाहिलं असतं, तर भरत्यांतली ३८ टक्केबिंदूंएवढी घट सेवेच्या नावावर जमा झाली असती. घट दुसऱ्या गटातही जवळपास तेवढीच होती.

कुणाला सेवेतून वगळायचं, हे जिवावर येतं, मान्य. पण नर्स मोजक्या, म्हणजे प्रतीक्षायादी आहेच. आधी कोणाच्या घरी जायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. थांबलेल्यांचे नेहमीचे उपचार चालूच राहतात आणि तुम्हाला तुलनेचा गट मिळतो.

आपल्याकडे खरी मेख मोजणीत आहे. एकच माणूस एकदा कळव्याला, एकदा सिव्हिलला, तिसऱ्यांदा मुलुंडच्या खाजगी हॉस्पिटलात भरती होतो. मे महिन्यात कोकणात असला तर तिकडे. एका हॉस्पिटलचं रजिस्टर पुरणार नाही. घरी एक्स-रे, रिपोर्ट, बिलं कोंबलेली प्लास्टिकची पिशवी असते, त्यातली डिस्चार्ज कार्डं पाहा, दोन्ही गटांची सारख्याच पद्धतीने. मोतीबिंदू, केमो अशा ठरवून झालेल्या भरत्या वगळा. मृत्यू मात्र वेगळे मोजा, नाहीतर गेलेला माणूस ‘भरती टळली’ म्हणून यशात धरला जाईल.

आणि प्रत्येक भरती म्हणजे अपयश नव्हे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या पायावरची सूज, दोन दिवसांत वाढलेलं वजन बघून नर्सने वेळेत पाठवलं, तर ती भरती हवीच. म्हणून किती दिवस राहावं लागलं, आयसीयू लागलं का, हेही नोंदवा. यंदाच्या अहवालात ‘भरत्या घटल्या, उपक्रमामुळेच का, हे तपासतो आहोत’ असं लिहा आणि पुढच्या तुकडीपासून चिठ्ठ्या सुरू करा.