काका आणि भ ची बाराखडी

"मॅडम, ह्यांच्या मनात आयुष्यभर हेच होतं का हो?" कोथरूडच्या काकू खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काका रिटायर्ड शिक्षक, घरात कुणी 'गाढव' म्हणालं तरी खपायचं नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली, आणि परत आली ती थेट भ ची बाराखडी घेऊन. पाहुणे आले की काकू आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायच्या.

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, आवाज खाली करून.

काका समोरच होते. चहा आला तसं कपाकडे बोट दाखवून विचारलं, काका हे काय? ओठ हलले, कपाळाला घाम, "च... च..." पुढे काही नाही. तेवढ्यात त्यांचाच हात लागून कप कलंडला, चहा मांडीवर, आणि खणखणीत, एकही अक्षर न अडखळता, शिवी! काकूंनी डोळेच मिटले.

आता बघा, वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं आणि काकांचा मार तिथेच बसलाय. शिवी जुळवावी लागत नाही, ती अख्खीच्या अख्खी साठवलेली असते, राग-वेदनेच्या वाटेने बाहेर पडते, त्यात मेंदूचा आतला भाग आणि उजवी बाजूही कामाला येते. पॅरिसच्या ब्रोका डॉक्टरांचा १८६१ सालचा पेशंट फक्त 'तान' एवढंच बोलायचा, पण चिडला की देवाच्या नावाने शिवी हासडायचा. आणि साठवायला स्वतः द्यावीच लागते असं थोडंच आहे, काकांनी तर ज्या शब्दांसाठी पोरांना अंगठे धरून उभं केलं ते सगळे पाठ असणारच की.

काकूंना हे पटेना. म्हणून मी काकांकडे बघून नुसतं म्हणाले, "भीमरूपी..." आणि काका सुरू झाले, "महारुद्रा, वज्रहनुमान मारुती..." सलग तीन ओळी. स्तोत्र आणि शिवी एकाच फळीवर, काय करणार! काकू रडायलाच लागल्या.

स्पीच थेरपी लगेच सुरू करायला सांगितली, आणि शिवी आली की ओरडू नका, आवाज कसा आहे ते ऐका, असंही.

परवा फोन आला. "मॅडम, आज भ ची आली, पण हळू आवाजात. म्हटलं साखर कमी पडली का? तर हसले."