स्क्रॅबलमध्ये हातातल्या अक्षरांतून जास्त गुणांचे शब्द पटकन कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी शब्द बेताचेच, ऑफिसातली मंडळी जेवणाच्या सुट्टीत स्क्रॅबल खेळतात आणि तुम्ही दर वेळी शंभरेक गुणांनी हरता. तर मोबाइलवर ॲनाग्रॅम सॉल्व्हर (दिलेल्या अक्षरांतून होणारे शब्द शोधून देणारं ॲप) वापरावा का? मीही मराठी माध्यमाचाच, गेली बारा वर्षं खेळतोय. आधी इंग्रजीची धास्ती मनातून काढून टाका. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. या खेळात अर्थ दुय्यम. अक्षरं फिरवता आली पाहिजेत.

आणि फिरवण्यातच आपली एक अडचण होते. 'कमल'चं 'कलम' करताना प्रत्येक अक्षर आपला उच्चार बरोबर घेऊन जातं. इंग्रजीत तसं होत नाही. आर, ओ, टी, आय ही चार अक्षरं घ्या. आपल्याला लगेच 'रोटी' दिसते (हो, चालते), आणि एकदा रोटी दिसली की डोळा तिथेच अडकतो. याच चार अक्षरांत ट्रायो आहे, रायट आहे, टायरो आहे, टोराय आहे. आय कधी 'ई' होतो, कधी 'आय'. म्हणून रॅकवरची, म्हणजे आपल्यासमोरच्या पट्टीवर मांडलेली अक्षरं मनात वाचत बसू नका, हाताने हलवा. आय-एन-जी किंवा ई-आर असेल तर ते उजव्या टोकाला सारा, आर-ई असेल तर डाव्या, आणि मधे काय उरतं ते बघा. काहीच सुचेना, तर टाइल्स टेबलावर गोल मांडा. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे अडकलेला डोळा सुटतो. माझ्या भाचीने असंच एकदा माझ्या 'टिआरा'तून 'रायता' काढून दाखवला होता. रायतासुद्धा कॉलिन्सच्या यादीत, म्हणजे स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीत आहे!

आता मोठ्या गुणांचं. क्यू आणि झेड दहाचे, जे आणि एक्स आठचे, पण ती अक्षरं लांब शब्दात घालायची म्हणून अडवून ठेवू नका. दोन अक्षरी शब्द पाठ करा. कॉलिन्सच्या यादीत ते सव्वाशेच्या आसपास आहेत, रोज पाच केले तरी महिन्याभरात होतात. क्यू-आय म्हणजे 'ची' (चिनी परंपरेतली प्राणशक्ती), हा एकच शब्द तुमचे कितीतरी डाव वाचवेल. बोर्डावरच्या एखाद्या आयच्या बरोबर वर तिप्पट अक्षराचं घर मोकळं आहे असं समजा. तिथे क्यू ठेवा, त्याच्या उजवीकडे हातातला आय. उजवीकडचं घर आजूबाजूला मोकळं असलं म्हणजे झालं. आडवे एकतीस, उभे एकतीस, दोन टाइल्समध्ये बासष्ट! एक्स तर पाचही स्वरांशी जुळतो: ए, ई, ओ त्याच्या आधी लावा, आय आणि यू नंतर. फक्त व्ही घेऊन दोन अक्षरी शब्द होत नाही, तो शक्य तितक्या लवकर काढून टाका.

यू नसलेल्या क्यूला लोक घाबरतात, आपण घाबरायचं कारण नाही. फकीर, तलाक, कव्वाली हे तिन्ही कॉलिन्समध्ये क्यूने लिहिलेले आहेत. पूजा जेमुळे तेरा गुणांची. लाख, धोती, तालुका हेही चालतात. हे शब्द आपल्याला जन्मापासून माहीत आहेत, फक्त त्यांचं स्पेलिंग एकदा नीट बघून ठेवा.

खरी झेप मात्र एका खेळीत सातही टाइल्स लावल्यावर मिळणाऱ्या पन्नास जादा गुणांची. त्यासाठी शब्द शोधण्याआधी हातात काय शिल्लक ठेवताय याकडे लक्ष द्या. एस अख्ख्या पिशवीत चारच असतात आणि कोऱ्या टाइल्स दोनच. या टाइल्स पाच-सहा गुणांसाठी घालवू नका. सुरुवात 'रेटिना' या सहा अक्षरांपासून करा. त्यात सी मिळवला की सर्टन, पी मिळवला की पेंटर, डी मिळवला की ट्रेन्ड, के मिळवला की केराटिन, जी मिळवला की ग्रॅनाइट. मी हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून लोकलमध्ये पाठ केले.

सॉल्व्हर जरूर वापरा, पण डाव संपल्यावर. चालू डावात वापरणं ही समोरच्याशी लबाडी आहे, आणि स्वतःला काही येतही नाही. मी वहीत दर डावातले दोन-तीन अडलेले रॅक लिहून ठेवतो: आधी अक्षरं इंग्रजी वर्णानुक्रमाने, बाजूला मी काय लावलं ते. एकदा रेटिनाबरोबर डब्ल्यू आला होता. दहा मिनिटं टाइल्स हलवल्या, शेवटी दोन अक्षरी शब्द लावून पुढे गेलो. रात्री सॉल्व्हरमध्ये टाकलं तर 'टॉनिअर' निघाला, 'टॉनी' (पिवळसर तपकिरी) वरून झालेला. पुढे काही महिन्यांनी तीच सात अक्षरं पुन्हा हातात आली, आणि या वेळी टाइल्स हलवाव्याही लागल्या नाहीत.