सासूबाई गाडीत पाणी पितात का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका सुनेचं पत्र आलंय. लिहिते, "ताई, सासूसासरे सांगलीहून आलेत, नोव्हेंबरात परत जातील. फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधीची रंगलेली झाडं, आणि समुद्र दोन्ही दाखवायचंय म्हणून ऑक्टोबरातल्या कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला मेन राज्यात जायचं ठरवलंय. शुक्रवारी ह्यांचं ऑफिस सुटलं की निघायचं, रात्रभर ड्राइव्ह करून पहाटे अकेडिया नॅशनल पार्कला, कॅडिलॅक माउंटनवर सूर्योदय बघायचा, येताना वाटेतली दीपगृहं करत सोमवारी रात्री घरी. सासूबाई म्हणतात, तुम्ही न्याल तिकडे येऊ. जेवणाचं काय करू? मुलगा सारखा फोनवर असतो त्याचं काय? आणि इन्शुरन्स पुरेल ना?"

अगं, किती मनापासून ठरवतेयस सगळं! पण जेवण विचारलंस, फोन विचारलास, आणि वय झालेल्या दोन माणसांना ५०० मैलांच्या आसपासचा प्रवास एका रात्रीत करवायचा ह्याबद्दल एक अक्षर नाही? मी हे दर फॉलला लिहिते, ह्याही वर्षी लिहिणार. आईवडील गाडीत असतील तर दर दीड तासाला थांबायचं आणि दिवसाला पाच तासांच्या वर गाडी हाणायची नाही.

कारण आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत गं. सारखं थांबा कसं म्हणायचं, जावई किंवा मुलगा गाडी चालवतोय, नातवंडं झोपलीत, मग सकाळपासून दोन घोट पाणी आणि बीपीची ती लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही गुपचूप पर्समध्येच. माझा भाऊ बॉस्टनला असतो, तो आईला घेऊन केप कॉडला गेला होता. आई दिवसभर "मला काही नको, मी मजेत आहे" म्हणत राहिली आणि संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर चक्कर येऊन खालीच बसली, पाय हे एवढे सुजलेले. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि वयाबरोबर आणखीच वाढतो, हे डॉक्टर सांगतात ते उगीच नाही. म्हणून "आई, थांबायचंय का?" असं विचारूच नकोस, त्या नाहीच म्हणणार. तू म्हण, मला पाय मोकळे करायचेत, आणि खुशाल गाडी थांबव.

"तुम्ही न्याल तिकडे येऊ" हे उत्तर धरू नकोस. सासऱ्यांपुढे फोटो ठेव आणि विचार, ह्यातलं काय बघावंसं वाटतं.

माझं ऐकशील तर ह्या वेळी अकेडिया सोड. शनिवारी सकाळी आरामात निघा, दक्षिण मेनमधल्या ओगंक्विटला दोन रात्री राहा, साधारण पाच तासांचा रस्ता आहे, लाँग वीकेंडच्या ट्रॅफिकमध्ये जास्त लागतील ते धरून चाला. तिथे मार्जिनल वे म्हणून समुद्राच्या कडेने सव्वा मैलाची पक्की पायवाट आहे, जागोजागी बाकं, हवं तिथे बसायचं, हवं तिथून मागे फिरायचं. जवळच यॉर्कला नबल दीपगृह आहे, १८७९ चं, समोरच्या छोट्या बेटावर, आणि गाडी लावली की समोरच दिसतं, चढ नाही काही नाही. माझे बाबा हर्णैचे. त्यांना तिथे नेलं तेव्हा थर्मासमधला चहा घेत बाकावर बसून राहिले, लॉब्स्टरच्या बोटी, पाण्यावरचे रंगीत बोये, ओहोटी किती लागलीय, सगळं नातवाला समजावून सांगत होते, उठायलाच तयार नाहीत. पोर्टलंड हेड लाइट, १७९१ चं, रविवारी जमलं तर करा, नाहीतर राहू दे. झाडं किनाऱ्यावर आतल्या डोंगरांपेक्षा उशिरा रंगतात, त्यामुळे तेव्हा तिथे रंग मिळायला हरकत नाही.

अकेडिया करायचंच असेल तर नवऱ्याला दोन दिवस जास्तीची सुट्टी टाकायला सांग आणि जाता-येता मुक्काम करा. कॅडिलॅकवर गाडी न्यायला रिझर्व्हेशन लागतं, त्यातले ७० टक्के स्लॉट दोन दिवस आधी सकाळी १० ला उघडतात. पण ऑक्टोबरच्या पहाटे १५३० फुटांवरच्या वाऱ्यात सासूबाईंना उभं करायचं? त्यापेक्षा दुपारी तिथल्या कॅरेज रोड्सवर चाला. रॉकफेलर ज्युनियरने बांधवलेले साधारण ४५ मैलांचे रस्ते आहेत, मोटारींना बंदी, चढ बेताचे. आणि अंधार पडल्यावर मेनमध्ये गाडी नकोच, मूस, म्हणजे तिकडची ती थोराड हरणं, आडवी येतात, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

जेवणाचं, किचन असलेली रूम घे, कुकर आणि मेतकूट ने, झालं. मुलाचा फोन असू दे, त्याला भरती-ओहोटीच्या वेळा बघायचं काम दे आणि आजोबांशेजारी बसव. इन्शुरन्सच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते आजच वाच, न कळलं तर फोन करून विचार, आणि गोळ्यांची यादी फोनमध्ये ठेव.

सासूबाईंना पुढच्या सीटवर बसव, पाण्याची बाटली त्यांच्या हातात दे आणि पहिल्या थांब्याला ती किती रिकामी झालीय ते बघ.