अल्बमवर मत लिहायला बसण्याआधी

अल्बम ऐकल्याच्या पहिल्या दिवशीच त्याला तारे (रेटिंग) देऊ नकोस. सोल संगीताकडे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीकडे, नव्याने वळला आहेस, तर गायक मार्विन गेचा १९७१चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम घे आणि शफल बंद कर. त्यातली गाणी एकमेकांत मिसळत जातात. एखादंच उचलून ऐकलंस तर ते मध्येच तुटल्यासारखं वाटेल आणि तू उगाच ‘गाणी अर्धवट आहेत’ असं लिहून मोकळा होशील.

पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा फक्त बासकडे, म्हणजे खालच्या सुरातल्या बास गिटारकडे, कान दे, तोही हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळपास गायबच होतो. शीर्षकगीतात बास जेम्स जेमरसन वाजवतो, शेवटच्या ‘इनर सिटी ब्लूज’मध्ये बॉब बॅबिट. दोघांची वाजवण्याची ढब वेगळी आहे. हा फरक ऐकू आला की ‘काय भारी बास आहे’च्या पुढचं काहीतरी लिहिता येतं.

आवृत्तीही सांगत जा. या अल्बमचं आधी डेट्रॉइटमध्ये मिक्सिंग (आवाज आणि वाद्यं यांची पातळी जुळवून एकत्र करणं) झालं होतं, पण बाजारात आलं ते नंतर लॉस एंजेलिसमध्ये केलेलं मिक्स. डेट्रॉइटचं मिक्स २००१च्या डिलक्स आवृत्तीत मिळतं. नाहीतर दोन जण दोन वेगळी मिक्सेस ऐकून तावातावाने भांडतात.

शब्दांचं म्हणशील तर व्हिएतनाम युद्ध, बेरोजगारी, प्रदूषण एवढी पार्श्वभूमी पुरे. आणि नाहीच आवडला, तर बिनधास्त तसं लिही. फक्त कुठल्या गाण्यात लक्ष उडालं ते सांग. ‘ओव्हररेटेड’ एवढंच लिहिलंस, तर कुणी उत्तरही देणार नाही.